सर विल्यम विल्यम्स, पण कोणते? एकाच वेल्श आडनावाच्या बॅरोनेट घराण्यांचा वंश कसा लावायचा

'सर विल्यम विल्यम्स, पहिले बॅरोनेट' एवढ्या नावावर शोध सुरू केला की निदान चार माणसे हाती लागतात. बॅरोनेट म्हणजे राजाच्या सनदेने मिळणारा आणि बापाकडून मुलाकडे जाणारा ब्रिटिश 'सर' किताब. एक १६२२ सालचे, वायव्य वेल्समधल्या व्हेनॉलचे जमीनदार. दुसरे १६८८ सालचे, नामांकित वकील आणि इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्सचे माजी सभापती. तिसरे १८५६ सालचे, क्रिमियन युद्धाच्या काळात कार्स शहराचा वेढा लढवणारे सेनापती. चौथे १८६६ सालचे, कॉर्नवॉलमधल्या खाणमालक घराण्यातले. चौघांचा किताब वंशपरंपरागत, चौघांचे नाव-आडनाव एकच, आणि सनदा मात्र चार. विल्यम्स या आडनावाला सतराव्या ते विसाव्या शतकात वीसच्या आसपास बॅरोनेटपदे मिळाली. लॉइड, मॉर्गन, प्राइस, व्हॉन या आडनावांतही हाच गुंता आहे.

जुन्या पत्रात, चित्राखालच्या ओळीत, चर्चमधल्या शिळेवर किंवा कंपनी सरकारच्या दप्तरात 'सर अमुक विल्यम्स, बार्ट.' असा उल्लेख सापडला तर तो माणूस कोणत्या घराण्याचा, किताब त्याच्याकडे कसा आला आणि पुढे कोणाकडे गेला, हे ठरवण्याची रीत इथे दिली आहे. उदाहरणे विल्यम्स घराण्यांची आहेत, रीत सगळ्यांना लागू पडते. सूत्र एकच: आडनाव धरू नका, सनद धरा.

आडनावावर विसंबू नये, ते का

वेल्समध्ये सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत बहुतेक लोकांना पिढ्यानपिढ्या चालणारे आडनाव नव्हते. माणसाच्या नावापुढे 'आप' म्हणजे 'चा मुलगा' आणि मग बापाचे नाव. मुलगी असेल तर 'फेर्ख'. आपल्याकडे मधले नाव बापाचे असते आणि दर पिढीला बदलते, तसेच हे. फरक इतकाच की त्यांच्याकडे त्यापुढे आडनाव नव्हते. इंग्रजी कायदा आणि कचेऱ्या वेल्समध्ये रुजल्या तसे एकेका घराने कुठल्यातरी पिढीच्या बापाचे नाव कायमचे आडनाव करून टाकले. आप हाउएलचे पॉवेल झाले, आप रीसचे प्राइस, आप ह्यूचे प्यू, आप हॅरीचे पॅरी, अब ओवेनचे बोवेन. विल्यमच्या मुलांचे विल्यम्स झाले. वेल्समध्ये विल्यम नावाचे बाप गावोगाव होते, म्हणून विल्यम्सही गावोगाव झाले.

उत्तर वेल्समधल्या कोखविलनचे उदाहरण घ्या. तिथल्या विल्यम आप ग्रिफिथ यांच्या मुलाने बापाचे नाव आडनाव म्हणून लावले आणि तो विल्यम विल्यम्स झाला. पेनरिन आणि व्हेनॉल इथली दोन्ही विल्यम्स घराणी याच कोखविलन कुळातून निघाली, म्हणजे ती खरोखर भाऊबंद. पण १६८८ च्या सभापती विल्यम्सांचे वडील अँगलसी बेटावरच्या नँटॅनॉगचे धर्मगुरू ह्यू विल्यम्स. त्यांचे कूळ वेगळे. पेनरिन आणि नँटॅनॉग यांच्यात अंतर थोडे, आडनाव एक, आणि पुरुषवंश मात्र दोन.

आडनाव धरण्याचा काळही घराघरात वेगळा. संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स यांचे वडील, गणितज्ञ विल्यम जोन्स, अँगलसीतच जन्मले. त्या वडिलांचे वडील स्योन स्योर, म्हणजे जॉन जॉर्ज, या नावाने ओळखले जात. म्हणजे जोन्स हे आडनाव त्या घरात तेव्हा नुकते आलेले. त्यामुळे वेल्श वंशावळीत मागे जाताना आडनावाचा धागा तीन-चार पिढ्यांत तुटतो, आणि तिथून पुढे बापाचे नाव, शेताचे किंवा वाड्याचे नाव आणि पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गावभाग) ही तिघेच साथ देतात.

पहिली पायरी: हे 'सर' वंशपरंपरागत आहेत का?

नाइट आणि बॅरोनेट या दोघांच्याही नावापुढे 'सर' लागते. नाइट पदवी माणसाबरोबर संपते, बॅरोनेटपद मुलाकडे जाते. ओळखण्याची खूण नावाच्या शेवटी असते: जुन्या कागदात 'बार्ट.', नव्यात 'बीटी'. ही खूण नसेल तर माणूस नाइट असण्याची शक्यता आधी धरावी.

मराठी वाचकाच्या परिचयाचे सर मोनियर मोनियर-विल्यम्स यांचेच पाहा. जन्म मुंबईत १८१९ साली, आडनाव विल्यम्स, नावापुढे सर. पण ते नाइट होते. १८८७ साली त्यांनी आडनाव जोडून मोनियर-विल्यम्स असे केले. ते कुठल्याही विल्यम्स बॅरोनेट शाखेत शोधू नयेत. जमशेटजी जीजीभॉय यांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच माणसात दिसतात: १८४२ मध्ये ते नाइट झाले, तेव्हाचे 'सर' त्यांच्यापुरते, १८५७ मध्ये बॅरोनेट झाले, तेव्हापासूनचे 'सर' वंशाला.

दोन बारकावे इथेच सांभाळावेत. बॅरोनेट हा उमराव नसतो; केवळ या पदामुळे कोणी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसलेला नाही. म्हणून 'लॉर्ड विल्यम्स' असा उल्लेख असेल तर शोधाची वाटच वेगळी. आणि बॅरोनेटचा थोरला मुलगा बाप जिवंत असेपर्यंत साधा 'मिस्टर' असतो. पण १८२७ पर्यंत बॅरोनेटच्या वारसाला वयाच्या एकविसाव्या वर्षी नाइट पदवी मागण्याचा हक्क होता. त्यामुळे त्यापूर्वीच्या कागदात बाप आणि मुलगा दोघेही एकाच वेळी 'सर' दिसले तर तो लेखनिकाचा घोटाळा असेलच असे नाही.

दुसरी पायरी: सनद निश्चित करा

प्रत्येक बॅरोनेटपदाची ओळख तीन गोष्टींनी पक्की होते: सनदेची तारीख, पाचपैकी कोणत्या वर्गातले ते, आणि स्थाननाम. 'सर विल्यम विल्यम्स, पहिले बॅरोनेट' यातले 'पहिले' ही चौथी गोष्ट नव्हे, कारण प्रत्येक नव्या सनदेबरोबर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.

वर्ग असे. पहिला जेम्स याने २२ मे १६११ रोजी इंग्लंडचे बॅरोनेटपद सुरू केले. आयर्लंडचे १६१९ मध्ये आणि नोव्हा स्कॉशियाचे, म्हणजे स्कॉटलंडचे, १६२५ मध्ये आले. १७०७ च्या एकीकरणानंतर इंग्लंड आणि स्कॉटलंडचे वर्ग बंद होऊन ग्रेट ब्रिटनचा वर्ग सुरू झाला. १ जानेवारी १८०१ पासून युनायटेड किंगडमचा. म्हणून साल कळले की वर्ग बहुधा आपोआप कळतो, आणि वर्ग व साल जुळत नसतील तर दोनपैकी एक चूक आहे हेही लगेच दिसते.

सुरुवातीला हे पद मिळवायला पैसे मोजावे लागत आणि ती रक्कम कागदपत्रात वारंवार येते, म्हणून तिचा हिशेब माहीत असावा. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात ३० शिपाई तीन वर्षे पोसण्याचा खर्च बॅरोनेटने द्यायचा. एका शिपायाचे रोजचे ८ पेन्स, तिसांचे २४० पेन्स, म्हणजे दिवसाला बरोबर एक पौंड. तीन वर्षांचे १,०९५ दिवस, म्हणून १,०९५ पौंड. शिवाय जमिनीचे वर्षाला १,००० पौंड उत्पन्न असावे आणि वडिलांच्या वडिलांना कुलचिन्ह धारण करण्याचा हक्क असावा, अशा अटी होत्या. बॅरोनेटच्या ढालीवर दिसणारा अल्स्टरचा लाल पंजा याच व्यवहारातून आला. कुठल्या घरी विल्यम्सांची ढाल दिसली आणि तिच्यावर लाल पंजा असेल, तर ती बॅरोनेटची आहे एवढे ठरते. कोणत्या बॅरोनेटची ते उरलेल्या चिन्हांवरून लावावे लागते.

सर्वांत जास्त फसवते ते स्थाननाम. ते राहण्याचे ठिकाण असेलच असे नाही. सभापती विल्यम्स यांच्या १६८८ च्या सनदेतले स्थाननाम ग्रेज इन आहे, म्हणजे लंडनमधली वकिलांची संस्था. त्यांचे घर मात्र श्रॉपशरमधल्या ओस्वेस्ट्रीजवळ लानफोर्डा इथे. वैद्य सर जॉन विल्यम्स कार्मार्थनशरचे, पण १८९४ ची त्यांची सनद 'सिटी ऑफ लंडन'ची. सेनापती सर विल्यम फेनविक विल्यम्स जन्माने कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचे. त्यांचे स्थाननाम कार्स, जे आज तुर्कस्तानात आहे. पेनरिनची गोष्ट आणखी वेगळी: १६६१ ची सनद पेनरिनच्या नावाने, पण वाडा आणि जमीन पुढे मुलींच्या वाट्याने दुसऱ्या घरांत गेली. बॅरोनेट 'पेनरिनचे'च राहिले, पेनरिनमध्ये मात्र त्यांचे काही उरले नाही.

गावांची नावेही दोन-तीन रूपांत लिहून ठेवावीत. व्हेनॉल आणि फाएनॉल एकच, लँगिबी आणि लांगबी एकच. परगणे १९७४ मध्ये बदलले आणि १९९६ मध्ये पुन्हा. जुन्या कार्नार्वनशरचा कागद आज ग्विनेथच्या दप्तरात असू शकतो.

तारखेची गफलत होते ती जुन्या पंचांगामुळे. इंग्लंड-वेल्समध्ये १७५२ पूर्वी नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस मागच्या सालात मोजले जात. अशा तारखा '१६४१/४२' याप्रमाणे दोन्ही सालांसह लिहाव्यात, नाहीतर मुलगा बापाच्या आधी वारस झालेला दिसेल.

राजेशाही मोडून सत्ता हाती घेणाऱ्या क्रॉमवेलच्या काळातली बॅरोनेटपदे १६६० मध्ये राजा परतल्यावर रद्दबातल ठरली. पेनरिनच्या ग्रिफिथ विल्यम्स यांना क्रॉमवेलने १६५८ मध्ये हे पद दिले होते, आणि १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सकडून नवी सनद घ्यावी लागली. मान्यता १६६१ च्या सनदेला. यादवी युद्धाच्या काळातल्या सनदांबाबतही जपून राहावे: लँगिबीच्या ट्रेव्हर विल्यम्स यांची सनद मे १६४२ ची, ग्वेर्निवेदच्या हेन्री विल्यम्स यांची मे १६४४ ची. त्या धामधुमीत दिलेल्या काही सनदा सरकारी पटावर चढल्याच नाहीत. पटावर नोंद नाही म्हणून सनदच नव्हती, असा निष्कर्ष त्या वर्षांपुरता काढू नये.

तिसरी पायरी: वारसाचा नियम लावा

बहुतेक बॅरोनेट सनदांत एकच वाक्य असते: पहिल्या बॅरोनेटच्या औरस पुरुष वंशजांकडे किताब जाईल. या एका वाक्यातून सगळे निघते.

मुलगी वारस होत नाही, आणि तिच्यामार्फत तिचा मुलगाही होत नाही. दत्तक मुलगा होत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये लग्नापूर्वी जन्मलेला मुलगा आईबापांनी नंतर लग्न केले तरी किताबाला मुकतो. बॅरोनेटला मुलगा नसेल तर भाऊ, भाऊ नसेल तर पुतण्या, तोही नसेल तर चुलत शाखा. पण ती शाखा पहिल्या बॅरोनेटच्या पोटचीच हवी. पहिल्या बॅरोनेटचा सख्खा भाऊ किंवा त्याची मुले यात बसत नाहीत, मग ते कितीही जवळचे आणि कितीही थोर असोत. काही सनदांत भावाला किंवा जावयाला वारस ठरवणारे खास कलम असते, म्हणून सनदेचे मूळ शब्द पाहिल्याशिवाय शाखा बाद करू नये.

मृत बॅरोनेटची पत्नी गरोदर असेल तर मूल जन्मेपर्यंत पुढचा वारस थांबतो. पुढच्या बॅरोनेटची तारीख आधीच्या मृत्यूनंतर काही महिन्यांची दिसली तर हे कारण तपासावे.

हा नियम प्रत्यक्षात कसा चालतो, ते ग्विडिरच्या विन घराण्यात आणि त्याला जोडल्या गेलेल्या विल्यम्स घराण्यात फार स्वच्छ दिसते. वेल्श किताब शिकायचा असेल तर ही दोन घराणी कागदावर मांडून पाहावीत.

ग्विडिरचे सर जॉन विन १६११ मध्ये बॅरोनेट झाले, म्हणजे पद सुरू झाले त्याच वर्षी. ते १६२७ मध्ये वारले. मुलगा रिचर्ड दुसरा बॅरोनेट. तो १६४९ मध्ये निपुत्रिक गेला. त्याचा भाऊ ओवेन तिसरा, मृत्यू १६६०. ओवेनचा मुलगा रिचर्ड चौथा, मृत्यू १६७४. या रिचर्डला मुलगी होती, मेरी. इथे वाट दुभंगते. ग्विडिरचा वाडा आणि जमीन मेरीकडे गेली आणि तिच्या लग्नाने बर्टी या उमराव घराण्यात पोचली. किताब मात्र चुलत भावाकडे: पहिल्या सर जॉनचा धाकटा मुलगा हेन्री, त्याचा मुलगा जॉन पाचवा बॅरोनेट झाला. त्याच्याकडे ग्विडिर नव्हते. पत्नीकडून आलेली रुआबनजवळची मोठी मिळकत होती, तिला त्याने विनस्टे नाव दिले. १७१९ मध्ये तो निपुत्रिक वारला. पहिल्या सर जॉनच्या पुरुषवंशात कोणी उरले नाही आणि १६११ चा किताब तिथेच संपला.

आता दुसरे घराणे. सभापती सर विल्यम विल्यम्स यांना १६८८ मध्ये किताब मिळाला. त्यांच्या मुलाची पत्नी जेन थेलवॉल ही पहिल्या सर जॉन विन यांची पणती. जेनचा मुलगा वॉटकिन विल्यम्स याला १७१९ मध्ये पाचव्या सर जॉनच्या मृत्युपत्राने विनस्टे मिळाले, आणि त्याने आडनावाला विन जोडले. बऱ्याच ठिकाणी इथेच चूक होते: वॉटकिन विल्यम्स विन हे विनांची मिळकत आणि विनांचे नाव घेऊन बसले, तेव्हा ते विनांचे बॅरोनेटही झाले असे मानले जाते. तसे झाले नाही. आईकडून आलेले नाते किताबाला चालत नाही. १७१९ ते १७४० या एकवीस वर्षांत ते विनस्टेचे धनी होते आणि नावापुढे 'सर' नव्हते. १७४० मध्ये वडील, दुसरे सर विल्यम विल्यम्स, वारले तेव्हा ते 'सर वॉटकिन' झाले: तिसरे बॅरोनेट, १६८८ च्या सनदेचे. पुढचे सगळे विल्यम्स-विन बॅरोनेट याच मोजणीत येतात. १७३० च्या कागदात कोणी त्यांना 'सर वॉटकिन' म्हटले असेल, तर कागद नंतर लिहिलेला आहे किंवा लिहिणाऱ्याला माहिती नव्हती.

सभापतींच्या दुसऱ्या मुलाची शाखा पुढे बोडेल्विथनला गेली. त्या शाखेतल्या जॉन विल्यम्स यांना १७९८ मध्ये ग्रेट ब्रिटनच्या वर्गात वेगळी सनद मिळाली. म्हणजे एकाच पूर्वजाच्या वंशात दोन किताब. विल्यम्स-विनांची शाखा कधी खुंटली तर १६८८ चा किताब बोडेल्विथनकडे जाऊ शकतो, कारण तेही पहिल्या बॅरोनेटच्या पोटचे. उलट दिशेने मात्र नाही: १७९८ च्या किताबावर विल्यम्स-विनांचा हक्क नाही, कारण ते त्या जॉनचे वंशज नव्हेत. वंशावळ काढताना हा बाण कोणत्या दिशेला चालतो, हे प्रत्येक सनदेपाशी लिहून ठेवावे.

सावत्र नात्याचे उदाहरण पेनरिन शाखेत आहे. आठवे बॅरोनेट सर ह्यू विल्यम्स यांनी विधवा लेडी बल्कली यांच्याशी लग्न केले. त्यांचा मुलगा सर रॉबर्ट हा सातव्या व्हायकाउंट बल्कलींचा आईकडून सावत्र भाऊ. व्हायकाउंट १८२२ मध्ये निपुत्रिक वारले. बॅरन हिल या वाड्याची मोठी मिळकत सर रॉबर्टच्या मुलाकडे आली, त्याने विल्यम्स-बल्कली असे नाव लावले. पण बल्कलींचा उमराव किताब संपला. बापाकडून सावत्र असलेला भाऊ वारस होऊ शकला असता, आईकडून सावत्र असलेला नाही.

कित्येकदा किताब नातवाकडे उडी मारतो. कास्टेल डायड्राइथचे सर ऑस्मंड विल्यम्स १९०९ मध्ये बॅरोनेट झाले. त्यांचा मुलगा १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला, म्हणून १९२७ मध्ये नातू थेट दुसरा बॅरोनेट झाला. मधली पिढी मोजणीत येत नाही. आकड्यांवरून पिढ्या मोजायच्या नाहीत ते यासाठी: दहावा बॅरोनेट हा दहाव्या पिढीचा असेलच असे नाही, भाऊ आणि चुलत भाऊ मध्ये आलेले असतात.

चौथी पायरी: पुरावा गोळा करा, मागून पुढे नव्हे तर पुढून मागे

ज्याची खात्री आहे अशा सर्वांत अलीकडच्या माणसापासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जावे. पहिल्या बॅरोनेटपासून खाली उतरत गेले की वाटेत प्रत्येक विल्यम्स आपलासा वाटतो.

१ जुलै १८३७ नंतरचे जन्म, लग्न आणि मृत्यू इंग्लंड-वेल्सच्या सरकारी नोंदणीत आहेत. दाखल्यावर बापाचे पूर्ण नाव आणि धंदा पाहावा. विल्यम्स आडनावात नुसते नाव आणि साल जुळणे काहीच सिद्ध करत नाही. १८४१ पासूनच्या जनगणना पत्ता आणि घरातली माणसे देतात. त्याआधी पॅरिशच्या नोंदवह्या: बाप्तिस्मा, लग्न, दफन. धाकट्या शाखा चॅपलच्या, म्हणजे राजमान्य चर्चबाहेरच्या, पंथांत गेल्या असतील तर बाप्तिस्मा पॅरिशच्या वहीत मिळणार नाही. बाप्तिस्मा नाही म्हणून मूल नव्हते असे ठरवू नये, चॅपलच्या वह्या वेगळ्या पाहाव्यात.

मृत्युपत्रे हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा पुरावा, कारण त्यात माणूस स्वतः आपली मुले, पुतणे, भाऊ नाव घेऊन सांगतो. १२ जानेवारी १८५८ पासून ती सरकारी प्रोबेटमध्ये, म्हणजे मृत्युपत्रे प्रमाणित करणाऱ्या कचेरीत, आहेत. त्याआधीची चर्चच्या न्यायालयांत. वेल्सच्या धर्मप्रांतांतली मृत्युपत्रे ॲबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सकडे आहेत आणि ती घरबसल्या फुकट पाहता येतात. पुण्यात बसलेल्या माणसाला आणि कार्डिफमध्ये बसलेल्याला सारखीच सोय. एकाहून जास्त धर्मप्रांतांत मालमत्ता असलेल्यांची मृत्युपत्रे कँटरबरीच्या वरिष्ठ न्यायालयात जात. ती लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये 'प्रॉब ११' या मालिकेत आहेत. सरळ सांगायचे तर बॅरोनेट स्वतः बहुधा 'प्रॉब ११' मध्ये आणि त्यांचे धाकटे भाऊ ॲबरिस्टविथला. सनदांचे पट क्यूलाच, 'सी ६६' मालिकेत. १६६५ पासून लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रातही नव्या किताबांच्या सूचना मिळतात, पण सुरुवातीच्या दशकांत त्या पूर्ण नाहीत.

ॲबरिस्टविथचे हे ग्रंथालय ज्यांच्या खटपटीने आणि संग्रहाने उभे राहिले ते १८९४ चे सर जॉन विल्यम्सच. ग्रंथालयाला १९०७ मध्ये शाही सनद मिळाली. सर जॉन १९२६ मध्ये निपुत्रिक वारले, त्यांचा किताब एका पिढीत संपला. त्यांनी जमवलेली हस्तलिखिते मात्र आज प्रत्येक वेल्श वंशावळकाराच्या कामाची आहेत.

छापील सूचिग्रंथ, बर्क किंवा डेब्रेटसारखे, वाटाड्या म्हणून उत्तम आहेत. पण त्यांतली माहिती बरीचशी घराण्यांनीच पुरवलेली असे. अठराव्या शतकानंतरच्या तारखा सहसा टिकतात; मध्ययुगीन वेल्श राजापर्यंत पोचणाऱ्या ओळी मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. वेल्श भाटांच्या पोथ्यांतल्या वंशावळी निराधार नसतात: जुन्या वेल्श कायद्यात जमिनीचा वाटा नात्यावर ठरे, म्हणून वंश पाठ असणे ही गरज होती. मात्र त्या कायद्यात बापाने मान्य केलेला मुलगा लग्नाबाहेरचा असला तरी मुलगाच मानला जाई. त्यामुळे पोथीतला प्रत्येक मुलगा इंग्रजी अर्थाने औरस होता असे धरता येत नाही.

शाखेतला कोणी मुंबई इलाख्यात नोकरीला होता असे दिसले तर त्याचे लग्न आणि मुलांचे बाप्तिस्मे वेल्समध्ये शोधून मिळायचे नाहीत. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात 'एन/३' मालिकेत आहेत; बंगालच्या 'एन/१', मद्रासच्या 'एन/२'. नोकरीचे कागद मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात सापडू शकतात. वंशावळीत वेल्सकडून नाव एकदम नाहीसे झाले की मूल लहानपणी वारले असे लिहिण्याआधी या तीन मालिका चाळाव्यात. वारस म्हणून ज्याची शाखा 'खुंटली' असे छापले आहे, ती परदेशात चालू असल्याचे अशाच नोंदींतून कळते.

पाचवी पायरी: अधिकृत यादीशी ताडून पाहा

खोटे बॅरोनेट वाढले तेव्हा ८ फेब्रुवारी १९१० च्या राजाज्ञेने अधिकृत यादी सुरू झाली. या यादीत नाव चढल्याशिवाय सरकारी कागदात कोणाला बॅरोनेट म्हणून संबोधले जात नाही. नाव चढवायला वारसाने आधीच्या बॅरोनेटचा मृत्यू, आपला जन्म आणि आईबापांचे लग्न हे दाखल्यांसह सिद्ध करावे लागते. चुलत शाखा असेल तर मधल्या प्रत्येक पिढीचे दाखले, शिवाय आपल्याहून जवळचा वारस कोणी नाही याचा पुरावा.

यादीत नाव नाही याचे तीन वेगळे अर्थ होतात आणि ते मिसळू नयेत. किताब संपला असेल, म्हणजे पात्र पुरुषवंशज कोणी उरलेला नाही. किताब सुप्त असेल, म्हणजे वारस असू शकतो पण कोणी सिद्ध केलेला नाही. किंवा वारस ठाऊक आहे, त्याने अजून अर्ज केलेला नाही. उशिरा अर्ज केला म्हणून हक्क बुडत नाही.

२०१६ मध्ये स्टिचिलच्या प्रिंगल बॅरोनेटपदाच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीने डीएनए चाचणीचा पुरावा ग्राह्य धरला. त्यातून एका जुन्या बॅरोनेटचे पितृत्व खोटे ठरले आणि किताब दुसऱ्या शाखेकडे गेला. दाखले बिनचूक असूनही वंश चुकलेला असू शकतो, हे तेव्हा न्यायालयातच दिसले. विल्यम्ससारख्या आडनावात याचा दुसरा उपयोग आहे: दोन शाखा एकाच पुरुषाच्या आहेत की नुसत्या नामसारख्या, हे पुरुषरेषेच्या चाचणीने ठरवता येते. चाचणी नाते नाही हे ठामपणे सांगते. नाते आहे असे म्हणाली तरी ते कोणत्या पिढीतले, ते कागदच सांगतात.

बॅरोनेटपद विकत घेता येत नाही, कोणाच्या नावे करून देता येत नाही. सन्मानांच्या खरेदी-विक्रीवर १९२५ पासून फौजदारी कायदा आहे. पैसे घेऊन 'सर' करून देतो म्हणणाऱ्याकडे विकण्यासारखे काही नसते.

नोंद कशी लिहावी

प्रत्येक माणसासाठी एक ओळ: नाव, बापाचे नाव, आईचे माहेरचे नाव, वाडा किंवा शेत, पॅरिश, जन्म, लग्न, मृत्यू, आणि प्रत्येक तारखेसमोर तिचा कागद. नावाशेजारी कंसात सनदेचे साल, उदाहरणार्थ 'सर वॉटकिन विल्यम्स-विन, तिसरे बॅरोनेट (१६८८)'. एवढ्या एका सालाने निम्मे घोटाळे टळतात. १६९० च्या सुमारास उत्तर वेल्समध्ये सभापती सर विल्यम विल्यम्स आणि व्हेनॉलचे सहावे सर विल्यम विल्यम्स एकाच वेळी हयात होते. त्यांच्या पत्रांवर (१६८८) आणि (१६२२) लिहिलेले नसेल तर ती पुन्हा वेगळी करायला मृत्युपत्रापर्यंत जावे लागते. व्हेनॉलचे सर विल्यम १६९६ मध्ये वारले आणि तो किताब संपला, म्हणून १६९७ नंतरचे पत्र त्यांचे असू शकत नाही. अशा 'असू शकत नाही'च्या तारखा वेगळ्या रंगात लिहाव्यात, त्या फार कामाला येतात.

मराठीत लिहिताना 'सर' नेहमी पहिल्या नावाला लागते: 'सर वॉटकिन' किंवा 'सर वॉटकिन विल्यम्स-विन'. 'सर विन' किंवा 'सर विल्यम्स' चुकीचे. पत्नी मात्र आडनावाने: 'लेडी विल्यम्स-विन'. जोडआडनाव कधीपासून लागले ते साल द्यावे आणि त्याआधीच्या पिढ्यांना ते चिकटवू नये; मिस्किनच्या घराण्याला १९१८ मध्ये विल्यम्स म्हणून किताब मिळाला, रीस-विल्यम्स हे आडनाव नंतरचे.

मुंबईच्या जीजीभॉय घराण्यात याच्या उलट आहे: १८६० च्या कायद्याने प्रत्येक वारसाने स्वतःचे नाव सोडून जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचे, त्यामुळे तिथे सगळे बॅरोनेट एकाच नावाचे आणि एकाच सनदेचे. त्यांना क्रमांकाने ओळखावे आणि मूळ नाव कंसात द्यावे. विल्यम्सांना सनदेच्या सालाने.

जिथे दुवा सिद्ध झालेला नाही तिथे वंशवृक्षात सलग रेघ ओढू नये. तुटक रेघ काढावी आणि शेजारी लिहावे की कोणता कागद मिळाला तर ती सलग होईल: अमक्या साली अमक्या पॅरिशमधला बाप्तिस्मा, किंवा अमक्याचे मृत्युपत्र.